पीटर लोरे : एका निर्वासित चरित्रनटाचा चेहरा

१

चित्रपटाच्या इतिहासाचे लेखन बहुधा दिग्दर्शक, निर्मितिसंस्था आणि नायक-नायिका यांच्याभोवती फिरत असते. ज्यांचे नाव श्रेयनामावलीत चौथ्या-पाचव्या स्थानी येते, जे पडद्यावर पाच-दहा मिनिटेच दिसतात आणि तरीही प्रेक्षकांच्या स्मरणात घर करून राहतात, अशा चरित्रनटांचा स्वतंत्र विचार इतिहासकार क्वचितच करतात. वस्तुतः १९३३ नंतर युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू निर्वासितांचा सांस्कृतिक इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर हॉलिवुडमधील चरित्रनट हे त्याचे एक मोलाचे साधन ठरते. चित्रकाराला आपले रंग आणि संगीतकाराला आपले स्वर परदेशी नेता येतात. नटाचे मुख्य साधन मात्र त्याची भाषा असते. ती सीमेवर टाकून जावे लागल्यावर त्याच्यापाशी उरतो तो त्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकारही पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती जातो.

या विधानाची सत्यता पटविणारी एक घटना १९४० च्या नोव्हेंबर महिन्यात बर्लिनमध्ये घडली. नाझी राजवटीने तयार करविलेला 'डेर एविगे यूडे' हा ज्यूद्वेष्टा प्रचारपट तेव्हा प्रदर्शित झाला. फ्रिट्झ हिप्लर याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात नऊ वर्षांपूर्वीच्या एका जर्मन बोलपटातील काही क्षणांचा तुकडा जोडलेला होता. त्यात बालहत्या करणारा एक मनोरुग्ण आपल्या अपराधाची कबुली देताना दिसतो. ही भूमिका करणारा नट ज्यू आहे, एवढ्याच कारणास्तव त्याने साकार केलेली विकृती ही त्याच्या वंशाचीच विकृती होय, असे प्रेक्षकांच्या मनावर बिंबविण्याचा तो प्रयत्न होता. अभिनय हाच पुरावा म्हणून पुढे करण्यात आला होता.

तो नट त्या वेळी हॉलिवुडमध्ये होता. पीटर लोरे हे त्याचे नाव. बर्लिनमध्ये त्याचा चेहरा अशा रीतीने वापरला जात असताना अमेरिकेतही त्याच चेहऱ्याला एका ठराविक साच्यात बसविण्याचे काम चालू होते. या दोन गोष्टींचे हेतू सर्वस्वी भिन्न होते आणि त्यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करणे योग्य होणार नाही. तथापि आपल्या चेहऱ्याचा अर्थ आपणच सांगावा यासाठी या नटाने केलेला प्रयत्न आणि त्या प्रयत्नाची झालेली परिणती, हाच त्याच्या जीवनाचा मध्यवर्ती धागा होय.

२

लोरे याचे मूळ नाव लास्लो लोवेनश्टाइन. त्याचा जन्म २६ जून १९०४ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील रोझाहेड्य या गावी झाला. हे गाव पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात गेले आणि आज ते रुझोम्बेरोक या नावाने स्लोव्हाकियात मोडते. घराणे ज्यू, घरातील भाषा जर्मन आणि राज्यव्यवहाराची भाषा हंगेरियन, अशा संमिश्र वातावरणात त्याचे बालपण गेले. तो चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी पुढे दुसरा विवाह केला. त्यांच्या नोकरीमुळे हे कुटुंब काही काळ रुमानियातील ब्राइला या बंदरात राहिले आणि नंतर व्हिएन्नाच्या परिसरात येऊन स्थिरावले. देशांतर ही गोष्ट लोरेच्या आयुष्यात १९३३ साली प्रथमच आली असे नव्हे. साम्राज्यातील बहुभाषिक ज्यू मध्यमवर्गाच्या ती अंगवळणी पडलेली होती. फरक इतकाच की, पूर्वीच्या स्थलांतरांत भाषा सुटत नसे.

मुलाने व्यापार-व्यवहारात पडावे अशी वडिलांची अपेक्षा होती. त्याप्रमाणे लास्लोने बँकेत काही दिवस कारकुनीही केली. परंतु त्याचे मन तेथे रमले नाही. युद्धोत्तर व्हिएन्नात जेकब मोरेनो नावाचा एक तरुण वैद्य 'श्टेग्राइफथिएटर', म्हणजे उत्स्फूर्त नाट्याची रंगभूमी, चालवीत होता. तेथे लिखित संहिता नसे. प्रेक्षकांनी किंवा सूत्रधाराने विषय द्यावा आणि नटाने आयत्या वेळी पात्र उभे करावे, अशी तेथील रीत होती. हाच मोरेनो पुढे अमेरिकेत 'सायकोड्रामा' या मानसोपचारपद्धतीचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला. लोरे त्याच्या मंडळीत सामील झाला, आणि पीटर लोरे हे रंगभूमीवरील नावही त्याला मोरेनोनेच दिले असे सांगितले जाते. मनातील विकार चटकन चेहऱ्यावर आणावा आणि तितक्याच चटकन पुसून टाकावा, हे जे लोरेच्या अभिनयाचे वैशिष्ट्य पुढे सर्वमान्य झाले, त्याचे मूळ या शिक्षणात शोधणे वावगे ठरणार नाही.

यानंतरची चार-पाच वर्षे ब्रेस्लाऊ, झुरिक आणि व्हिएन्ना येथील नाट्यगृहांत किरकोळ भूमिका करण्यात गेली. याच काळात एका शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमनासाठी त्याला मॉर्फिन देण्यात आले. त्याचे जे व्यसन जडले त्याने आयुष्यभर त्याची पाठ पुरविली.

३

लोरे बर्लिनला आला तो १९२९ साली. त्या वेळी बर्लिन हे युरोपातील प्रयोगशील रंगभूमीचे केंद्र होते. मराठी नाट्यरसिकांना 'तीन पैशाचा तमाशा' या पु. ल. देशपांडे यांच्या १९७८ मधील रूपांतरामुळे परिचित झालेले मूळ नाटक, बेर्टोल्ट ब्रेख्टचा 'थ्री पेनी ऑपेरा', आदल्याच वर्षी शिफबाउअरडाम येथील नाट्यगृहात गाजला होता. त्याच नाट्यगृहात मारिलुइझ फ्लाइसर हिच्या 'पायोनियर्स इन इंगोलश्टाट' या नाटकात ब्रेख्टने लोरेला भूमिका दिली. ठेंगणी, गोलसर अंगकाठी, बाहेर आलेले मोठे डोळे, मऊ व किंचित कण्हल्यासारखा आवाज, असे त्याचे रूप होते. रूढ अर्थाने नायकाला शोभणारे यात काहीही नव्हते. ब्रेख्टला मात्र नेमका असाच नट हवा होता. त्याच्या अंगी बालकाचा निरागसपणा आणि गुन्हेगाराची भीषणता एकाच वेळी दिसू शकत होती, आणि प्रेक्षकाला कोणत्याही एका भावनेत स्वस्थ बसू न देणारा नट हे ब्रेख्टच्या नाट्यविचाराचे आवश्यक अंग होते.

या सहकार्याची कसोटी लागली ती १९३१ च्या फेब्रुवारीत. 'मान इस्ट मान' हे ब्रेख्टचे नाटक ब्रिटिश हिंदुस्थानच्या एका काल्पनिक चित्राच्या पार्श्वभूमीवर घडते. गॅली गे नावाचा साधाभोळा हमाल मासळी आणण्यासाठी घराबाहेर पडतो. आपला चौथा साथीदार गमावलेले तीन ब्रिटिश सैनिक त्याला गाठतात, त्याची ओळख पुसून टाकतात आणि त्याला युद्धयंत्राचा एक भाग बनवितात. बर्लिनच्या श्टाट्सथिएटरमध्ये स्वतः ब्रेख्टने बसविलेल्या या प्रयोगात गॅली गेची भूमिका लोरेने केली. मृत्यूच्या भयाने पात्राचा चेहरा पांढरा पडतो, असा एक प्रसंग त्यात होता. ते भय आतून अनुभवून दाखविण्याऐवजी लोरेने आपल्या चेहऱ्याला पांढरा रंग फासला. समीक्षकांना हा प्रकार रुचला नाही. त्याचे बोलणे एकसुरी व तुटक असल्याची टीका झाली आणि नाटक लवकरच बंद पडले. तेव्हा ब्रेख्टने मार्च महिन्यात एका बर्लिन दैनिकात लिहून या अभिनयाचे तपशीलवार समर्थन केले. पात्राचा विकास अखंड प्रवाहासारखा न दाखविता तुटक अवस्थांमधून दाखविणे हा नव्या रंगभूमीचा अभिनय होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ब्रेख्टच्या पुढील अभिनयविषयक सिद्धान्ताची बीजे ज्या लेखनात आढळतात, त्यांत या पत्राची गणना होते. म्हणजेच त्या सिद्धान्ताच्या जडणघडणीत लोरेच्या प्रत्यक्ष अभिनयाचा वाटा होता.

त्याच वर्षी ११ मे रोजी फ्रिट्झ लांगचा 'एम' हा बोलपट बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. एका महानगरात लहान मुलींचे खून पडत आहेत. पोलिसांच्या धाडींमुळे धंदा बसू लागल्याने शहरातील गुन्हेगारांची टोळीच खुन्याचा माग काढते, त्याला पकडते आणि एका ओसाड कारखान्यात त्याच्यावर खटला चालविते, असे त्याचे कथानक आहे. हान्स बेकर्ट हा खुनी प्रारंभी केवळ सावली म्हणून दिसतो. त्याची सावली पडते ती त्याला पकडण्यासाठी दहा हजार मार्कांचे बक्षीस जाहीर करणाऱ्या फलकावर. ग्रीगची एक धून शिटीवर वाजविणे ही त्याची खूण. ती शिटी चित्रपटात स्वतः लांगने वाजविलेली आहे. एका दृश्यात बेकर्ट आरशासमोर उभा राहून बोटांनी आपल्या ओठांची टोके ओढतो, डोळे विस्फारतो आणि वृत्तपत्रांनी वर्णन केलेला राक्षस आपल्या चेहऱ्यात कोठे आहे याचा जणू शोध घेतो. शेवटच्या खटल्यात तो गुडघे टेकून ओरडतो की, खुनाची इच्छा आपल्या स्वाधीन नाही. प्रेक्षकाला त्याची किळस येते आणि त्याच क्षणी त्याला ठार मारा म्हणून ओरडणाऱ्या जमावाचेही भय वाटते. लोरेचे यश या दुहेरी परिणामात होते. नाझी प्रचारकांनी १९४० मध्ये या भाषणाचा तुकडा कापून घेतला तेव्हा तो जमाव, तो बेकायदा खटला आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न हे सर्व वगळले गेले आणि उरला तो एकटा चेहरा.

४

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी लोरेने बर्लिन सोडले. व्हिएन्नामार्गे तो पॅरिसला पोहोचला. तेथील हॉटेल अन्सोनियात बर्लिनच्या चित्रपटव्यवसायातील निर्वासितांचा तळ पडला होता. पुढे हॉलिवुडचा ख्यातनाम दिग्दर्शक झालेला बिली वाइल्डर आणि संगीतकार फ्रान्झ वाक्समन हे त्याचे तेथील शेजारी. जी. डब्ल्यू. पाब्स्टच्या एका फ्रेंच चित्रपटातील छोट्या भूमिकेखेरीज पॅरिसमध्ये त्याच्या हाती विशेष काही लागले नाही.

१९३४ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने 'द मॅन हू न्यू टू मच' या चित्रपटातील कारस्थानी खलपुरुषाच्या भूमिकेसाठी त्याला लंडनला बोलाविले. लोरेला त्या वेळी इंग्रजी जेमतेम येत होते. भेटीत हिचकॉक बोलत राहिला आणि लोरे योग्य वाटेल त्या ठिकाणी मनसोक्त हसत राहिला, ही हकीकत त्याने स्वतःच पुढे रंगवून सांगितली आहे. संवादांचे बरेचसे पाठांतर त्याने केवळ ध्वनींच्या आधारे केले. भाषा अद्याप आत्मसात झालेली नसल्याने प्रत्येक शब्दापूर्वी येणारा किंचित विराम, अनपेक्षित ठिकाणी पडणारा आघात आणि संकटाच्या क्षणीही न वाढणारा आवाज यांनी त्या खलपुरुषाला एक सौम्य भयानकता प्राप्त झाली. भाषेतील उणीव अशा रीतीने अभिनयाची शैली बनली. लंडनमध्येच त्याने सेलिया लोव्स्की या व्हिएन्नाच्या अभिनेत्रीशी विवाह केला आणि कोलंबिया कंपनीशी करार होऊन ते दोघे त्याच वर्षी अमेरिकेस गेले.

हॉलिवुडच्या तत्कालीन व्यवस्थेचे स्वरूप येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. मोठ्या चित्रसंस्था नटांना दीर्घ मुदतीच्या कराराने बांधून घेत व प्रसंगी एकमेकींना उसनेही देत. नायकाच्या भूमिकेसाठी अमेरिकन किंवा फार तर ब्रिटिश उच्चार अपेक्षित असे. परकीय हेल असणाऱ्या नटासाठी नोकर, प्राध्यापक, संगीतशिक्षक, हेर किंवा वेडा शास्त्रज्ञ एवढेच पर्याय राहत. त्यातही हेल कोणत्या देशाचा आहे याची फारशी चिकित्सा होत नसे. हंगेरियन माणूस रशियन म्हणून चाले आणि जर्मन माणूस फ्रेंच म्हणून.

लोरेच्या वाट्याला पहिल्याच वर्षी या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू आल्या. त्याला रास्कोल्निकॉव्हची भूमिका करावयाची होती. योसेफ फॉन श्टेर्नबेर्गच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या चित्रपटात ती त्याला १९३५ साली मिळाली खरी, परंतु तत्पूर्वी कोलंबियाने त्याला मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे उसने दिले आणि तेथे 'मॅड लव्ह' मध्ये मुंडण केलेल्या विकृत शल्यविशारदाचे काम करणे त्याला भाग पडले. लोकांच्या लक्षात राहिला तो डॉक्टर गोगोल. १९३७ ते १९३९ या काळात ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्ससाठी त्याने जॉन मार्क्वांड याच्या कादंबऱ्यांतील 'मिस्टर मोटो' या जपानी गुप्तहेराची भूमिका आठ चित्रपटांत केली. गोल चष्मा, चापून बसविलेले केस आणि नम्र हास्य यांच्या साहाय्याने मध्य युरोपातील एका ज्यू नटाने जपानी माणूस उभा करावा, हे त्या काळच्या प्रेक्षकांना खटकले नाही. या मालिकेने त्याला स्थैर्य व लोकप्रियता दिली, पण त्यात त्याचे मन रमले नाही.

या काळातील एक चित्रपट मात्र विशेष विचारास पात्र आहे. रॉबर्ट फ्लोरी याने दिग्दर्शित केलेला 'द फेस बिहाइंड द मास्क' हा १९४१ मधील चित्रपट अल्प खर्चात तयार झालेला, दुय्यम दर्जाचा म्हणून गणला गेलेला होता. यानोस साबो नावाचा हंगेरियन घड्याळजी मोठ्या उमेदीने न्यू यॉर्कला उतरतो. जो भेटेल त्याचे तो आभार मानतो आणि पडेल ते काम करावयास तयार असतो. पहिल्याच मुक्कामात हॉटेलला लागलेल्या आगीत त्याचा चेहरा जळून विद्रूप होतो. हातातील कौशल्य कायम असूनही त्या चेहऱ्यामुळे त्याला कोणी कामावर ठेवीत नाही. अखेरीस तो चोरांच्या टोळीत शिरतो आणि मिळालेल्या पैशातून आपल्या मूळ रूपाचा मुखवटा करवून घेतो. तो मुखवटा म्हणजे लोरेचाच चेहरा, फिकट आणि निश्चल. दहा वर्षांपूर्वी बर्लिनच्या रंगमंचावर रंग फासलेल्या चेहऱ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. निर्वासिताचा कामाचा हक्क त्याच्या दिसण्यावर अवलंबून असतो, ही गोष्ट या दुय्यम चित्रपटाने जितक्या सरळपणे सांगितली तितकी तत्कालीन प्रतिष्ठित चित्रपटांनी क्वचितच सांगितली असेल.

५

१९४१ हे वर्ष इतर दृष्टींनीही महत्त्वाचे ठरले. लोरे त्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला, आणि जॉन ह्यूस्टनच्या 'द माल्टीज फाल्कन' या चित्रपटाने त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत फलद्रूप कालखंड सुरू झाला. यातील जोएल कैरो हा सुगंधी रुमाल बाळगणारा, अतिसभ्य, पण प्रसंगी पिस्तूल रोखणारा गृहस्थ अनेक देशांची पारपत्रे खिशात घालून हिंडतो. हॉलिवुडच्या दृष्टीने 'परकीय' म्हणजे काय, याचे ते जणू मूर्त रूप होते. लोरेने त्या साच्यात स्वतःची उपरोधिक जाणीव भरली. कैरोला मार बसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा अपमान अधिक दिसतो. आपल्याला गंभीरपणे घेतले जात नाही याची खंत करणारा हा खलपुरुष प्रेक्षकांच्या मनात एकाच वेळी हसू आणि कणव उत्पन्न करतो.

याच चित्रपटात अवाढव्य देहाचा ब्रिटिश नट सिडनी ग्रीनस्ट्रीट त्याच्यासोबत होता. या दोघांना वॉर्नर ब्रदर्सने १९४६ पर्यंत अनेक चित्रपटांत एकत्र आणले. 'द मास्क ऑफ दिमित्रिओस' या १९४४ मधील चित्रपटात तर लोरेला प्रमुख पात्राचे काम मिळाले. शरीरप्रकृती व आवाज यांतील विरोधामुळे ही जोडी लोकप्रिय झाली.

१९४२ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'कॅसाब्लांका' या चित्रपटात लोरे अवघी काही मिनिटे दिसतो. उगार्ते हे त्याचे पात्र निर्वासितांना प्रवासाची कागदपत्रे विकते. ठार मारलेल्या जर्मन निरोप्यांपाशी सापडलेली दोन अनुज्ञापत्रे तो नायकाच्या स्वाधीन करतो, आणि त्या कागदांवरच पुढील सर्व कथा उभी राहते. उगार्तेला पोलीस पकडतात तेव्हा तो आश्रयासाठी आक्रोश करतो आणि नायक त्याला आश्रय देत नाही. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील चौदा नटांपैकी केवळ तिघांचा जन्म अमेरिकेत झालेला होता. खानावळीतील वाढप्यांचा प्रमुख कार्ल झालेला एस. झेड. साकाल हा बुडापेस्टचा ज्यू नट होता, आणि त्याच्या आप्तांपैकी कित्येकांचा नाझी छळछावण्यांत अंत झाला. पाकीटमाराच्या भूमिकेतील कुर्ट बोइस हा बर्लिनचा. नाझी अधिकाऱ्याचे काम करणारा कोनराड फाइट हा स्वतः ज्यू नव्हता, परंतु पत्नी ज्यू असल्याने त्याने १९३३ मध्ये जर्मनी सोडली होती. पारपत्रावरील शिक्क्यासाठी तिष्ठत बसणाऱ्या लोकांची कथा अशा रीतीने त्या अनुभवातून गेलेल्या नटांनीच पडद्यावर साकार केली. या चित्रपटातील गर्दीच्या प्रसंगांना जी अस्सलता लाभली आहे, तिचे श्रेय पटकथेइतकेच या चरित्रनटांना द्यावे लागते.

परंतु साच्याची पकडही याच काळात घट्ट झाली. लोरेचे डोळे आणि त्याचा आवाज यांची नक्कल रेडिओवर व व्यंगचित्रपटांत होऊ लागली. १९४६ च्या 'हेअर-रेझिंग हेअर' या वॉर्नरच्याच व्यंगपटातील दुष्ट शास्त्रज्ञ उघडउघड लोरेच्या रूपावर बेतलेला आहे. आपला व्यवसाय म्हणजे निव्वळ 'तोंडे करणे' होय, असे तो थट्टेने म्हणत असे. त्या थट्टेमागे वैफल्य नव्हते असे म्हणता येत नाही.

६

१९४१ च्या जुलैमध्ये ब्रेख्टही कॅलिफोर्नियात येऊन पोहोचला. हॉलिवुडमध्ये त्याची स्थिती हलाखीची होती. जुन्या स्नेहास जागून दोघांच्या भेटी चालू राहिल्या. ब्रेख्टने लोरेला डोळ्यांपुढे ठेवून काही चित्रकथा रचल्या, पण त्यांपैकी एकीचाही चित्रपट झाला नाही. मित्राच्या व्यसनाने व्यथित होऊन त्याने 'द स्वँप' ही कविताही लिहिली. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे ऑक्टोबर १९४७ मध्ये साक्ष देऊन ब्रेख्ट लगोलग युरोपला परतला आणि पूर्व बर्लिनमध्ये त्याने 'बर्लिनर आन्साम्बल' ही नाट्यसंस्था उभारली. निर्वासित नट पी. एल. याला उद्देशून लिहिलेल्या एका कवितेत त्याने लोरेला परत येण्याचे आवाहन केले. लोरे तिकडे गेला नाही.

तथापि जर्मनीत परतण्याची ओढ त्यालाही होती. वॉर्नरशी असलेला संबंध १९४६ नंतर संपला होता आणि १९४९ साली त्याच्यावर दिवाळे जाहीर करण्याची पाळी आली होती. तो युरोपात गेला, गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथील आरोग्यधामात व्यसनमुक्तीसाठी राहिला आणि नंतर पश्चिम जर्मनीत त्याने स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला. 'डेर फेर्लोरेने', म्हणजे 'हरवलेला माणूस', हे त्याचे नाव. बेनो विग्नी व आक्सेल एगेब्रेख्ट यांच्यासह पटकथाही त्यानेच लिहिली आणि प्रमुख भूमिकाही त्यानेच केली.

कथानक असे आहे. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत खोट्या नावाने राहणाऱ्या एका डॉक्टरपुढे एके दिवशी जुना परिचित येऊन उभा राहतो. मग पूर्ववृत्तान्त उलगडतो. १९४३ च्या सुमारास हाम्बुर्गमध्ये डॉक्टर रोथे हा शास्त्रज्ञ गुप्त संशोधन करीत आहे. त्याची वाग्दत्त वधू त्या संशोधनाची माहिती शत्रूला पुरविते, असे गुप्त पोलीस त्याला सांगतात. संतापाच्या भरात तो तिचा गळा दाबतो. त्यानंतर जे घडते ते खुनाहूनही भयंकर आहे. राजवटीला त्याच्या संशोधनाची गरज असल्यामुळे अधिकारी तो खून दडपून टाकतात. रोथेला शिक्षा हवी आहे, पण ती द्यावयास कोणी तयार नाही. अपराधाची नोंदच पुसली गेल्याने त्याच्या मनातील हिंसेला मोकळी वाट मिळते आणि त्याच्या हातून पुन्हा हत्या घडते. छावणीत भेटलेला परिचित म्हणजे त्या वेळचा गुप्त पोलीस अधिकारी होश. रोथे त्याला गोळी घालतो आणि येणाऱ्या आगगाडीकडे पाठ करून रुळांवर उभा राहतो.

'एम' मध्ये अपराधी विनवीत होता की, आपल्यावर आपला ताबा नाही, आणि समाज त्याच्या रक्तासाठी आसुसलेला होता. 'डेर फेर्लोरेने' मध्ये अपराधी न्याय मागतो आणि समाज त्याला सांगतो की, काही घडलेच नाही. वीस वर्षांच्या अंतराने त्याच नटाने, त्याच चेहऱ्याने, जर्मन प्रेक्षकांपुढे हा उलटलेला प्रश्न मांडला. ज्या देशाने त्याचा अभिनय वंशविद्वेषाचा पुरावा म्हणून वापरला होता, त्या देशाला त्याने दिलेले हे उत्तर होते. विशेष म्हणजे त्यात सूडाची भावना नाही. निर्वासित होऊन परतलेल्या ज्यू नटाने स्वतःकडे भूमिका घेतली ती अपराधी जर्मन माणसाची, आणि ती त्याने करुणेने केली.

हे उत्तर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मात्र कोणी नव्हते. निर्माता आर्नोल्ड प्रेसबुर्गर याचे चित्रपट पुरा होण्यापूर्वीच निधन झाले. सप्टेंबर १९५१ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा अधिकृत परीक्षणमंडळाने त्याला गुणवत्तेची श्रेणी दिली, परंतु प्रेक्षकांनी पाठ फिरविली. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत तुफान चाललेला चित्रपट होता 'ग्र्युन इस्ट डी हाइडे', म्हणजे हिरवीगार कुरणे, गाणी आणि सुखान्त प्रेमकथा. नजीकच्या भूतकाळाकडे पाहण्याची इच्छा समाजात नव्हती, आणि ज्याने तो भूतकाळ दाखविला तो बाहेरून आलेला होता. अमेरिकेत या चित्रपटाला नियमित प्रदर्शन लाभले ते लोरेच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी. लोरेने पुन्हा कधीही चित्रपट दिग्दर्शित केला नाही.

७

उर्वरित कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत परतल्यावर त्याने ह्यूस्टनच्या 'बीट द डेव्हिल' (१९५३) आणि डिस्नेच्या '२०,००० लीग्ज अंडर द सी' (१९५४) या चित्रपटांत कामे केली. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी दूरचित्रवाणीवर झालेल्या 'कसिनो रॉयल' या नाट्यात तो जेम्स बाँडचा पहिला प्रतिस्पर्धी ठरला. प्रकृती ढासळत होती, शरीर स्थूल झाले होते. रॉजर कॉर्मनच्या 'टेल्स ऑफ टेरर' (१९६२) आणि 'द रेव्हन' (१९६३) या चित्रपटांत त्याने भयपटातील आपल्याच प्रतिमेची खेळकर थट्टा केली. संहितेबाहेरचे संवाद आयत्या वेळी घालून तो सहकाऱ्यांची तारांबळ उडवीत असे. मोरेनोच्या उत्स्फूर्त रंगभूमीचा तो जुना संस्कार शेवटपर्यंत टिकून होता.

१९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात एक विलक्षण प्रकरण चालले. लोरेशी काहीसे रूपसाम्य असलेल्या एका इसमाने कायद्याने त्याचेच नाव धारण करण्याची परवानगी मागितली. लोरेने स्वतः न्यायालयात उभे राहून त्यास विरोध केला आणि न्यायाधीशांनी तो अर्ज फेटाळला. पीटर लोरे हे नाव जन्माने मिळालेले नव्हते. ते एका तरुण नटाने व्हिएन्नात धारण केले होते आणि पाच-सहा देशांतून फिरवीत आणले होते. चेहऱ्यावरचा हक्क ज्याला कधी पुरता मिळाला नाही, त्याला निदान नावावरचा हक्क न्यायालयाकडून मिळाला. २३ मार्च १९६४ रोजी पक्षाघाताने त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय एकोणसाठ वर्षांचे होते. अंत्यविधीच्या प्रसंगी सहकारी नट व्हिन्सेंट प्राइस याने श्रद्धांजलीपर भाषण केले.

लोरेचे जीवन ही केवळ वाया गेलेल्या गुणांची कहाणी आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पूर्णतः ग्राह्य नाही. ब्रेख्टने ज्या अभिनयाची तात्त्विक मांडणी केली, पात्रापासून किंचित दूर उभे राहून त्याच्यातील विसंगती उघड करणाऱ्या त्या अभिनयाचे नमुने हॉलिवुडच्या व्यापारी चित्रपटांत कोणी आणले असतील, तर ते अशा चरित्रनटांनीच होत. कैरोचा अपमानित चेहरा, उगार्तेचा अखेरचा आक्रोश, साबोचा निश्चल मुखवटा ही त्याची उदाहरणे आहेत. साचा दुसऱ्याने दिलेला होता आणि अवधी मिनिटांचा होता. त्या मिनिटांत माणूस उभा करणे हे लोरेच्या हाती होते, आणि ते त्याने केले. निर्वासितांच्या इतिहासाची साधने म्हणून पत्रे, पारपत्रे आणि संस्थांचे दप्तर यांचा अभ्यास होत आला आहे. चरित्रनटांच्या या लहान लहान भूमिका त्या साधनांत समाविष्ट केल्यास, कागदपत्रांत न सापडणारे पुष्कळ काही अभ्यासकाच्या हाती लागेल.